अकराव्या मजल्यावरची हवा

४ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आईच्या खोकल्याचं तू अगदी शेवटी, सही करायच्या आधी जागा उरली म्हणून लिहावं तसं दोन ओळींत उरकलंस. मी मात्र पत्र तिथूनच वाचायला घेतलं. फोनवर तुला काही विचारावं तर हं, बरं, ठेवतो, एवढंच. आपल्या घरात खरं काय चाललंय ते कळायला अजून टपालाचीच वाट बघावी लागते.

आता मुद्द्याचं. आमचं शहर यंदा राहायला सगळ्यांत निरोगी शहर म्हणून पहिलं आलं. चौकाचौकांत हिरव्या पाट्या लागल्यात. हे म्हणतात, आपण जागचे हललो नाही आणि शर्यत जिंकलो. थट्टा सोड, पण इथे एकही धुराडं नाही, कचरा जमिनीखालच्या नळांतून जातो आणि दवाखाना असा की तिथे पडून राहायला आजारी नसलेल्यालाही आवडेल. त्या यादीत तुझं शहरही शोधलं. सापडलं, पण खालून मोजायला लागल्यावर लवकर.

चिडू नकोस. एवढंच म्हणते, की आईला माझ्याकडे पाठव. तीस वर्षं नगरपालिकेच्या तरणतलावावर पोरांना दम कसा धरायचा ते शिकवणारी बाई तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना दोनदा थांबते, हे मला ऐकवत नाही. आमचं घर अकराव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, हवा धुऊन वाळत घातल्यासारखी. कवळ्या करण्याच्या माझ्या कामाला तिची अडचण नाही आणि ह्यांना तर गप्पांना माणूस हवंच आहे.

वहिनीला वाईट वाटणार, तिला मी वेगळं लिहीन. तुमच्या चिमणीला पापा. तुझा राग उतरला की उत्तर दे, पण उतरायच्या आत दिलंस तरी चालेल.

तुझी,
छोटी

१७ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

राग आला होता, तो दोन फेऱ्यांत उतरला. बस चालवणाऱ्याला फार वेळ रागावून परवडत नाही, ब्रेक जोरात लागतो.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, मला खोकला झालाय, माझी बदली झालेली नाही. मग डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि बाहेर येऊन मला विचारलं, की हिला काही महिने दुसरीकडे ठेवता येईल का. तेव्हा ती गप्प बसली. गप्प बसलेली आई तू पाहिली नाहीस. मला ते खोकल्यापेक्षा वाईट वाटलं.

तर घेऊन जा. पण आमच्या गल्लीला नावं ठेवू नकोस. बंदराकडे जाणारे ट्रक खालून जातात, कबूल. पडदे आठवड्यात काळे होतात, तेही कबूल. पण खाली तुझ्या वहिनीचं शिवणाचं दुकान, त्याला लागून बर्फवाला, पलीकडे चपला शिवणारा, आणि आई खाली उतरून वर येईपर्यंत तिला दहा जण विचारतात की आज कशी आहेस. तिला त्याचा कंटाळा येतो म्हणते. येत नाही.

माझ्या बसचा थांबा अजून आपल्या खिडकीखालीच आहे. शाळा नसली की चिमणी खिडकीत बसून असते. मी वेळ जुळवायच्या नावाखाली गाडी चालूच ठेवून दोन-तीन मिनिटं जास्त थांबतो आणि हॉर्न देतो, ती हात करते. उतारू कुरकुरतात. करू देत.

जावईबापूंना सांग, आई पत्त्यांत लबाडी करते. आधी सांगितलं नाही म्हणून नंतर भांडायला येऊ नका.

सगळ्यांची खुशाली कळवत राहा, आम्ही इथे आहोतच.

दादा

२२ एप्रिल

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

खोकला गेला! आल्यावर आठवड्याभरातच कमी झाला आणि आता ऐकायलाच येत नाही. आई स्वतःच मुद्दाम खोकून बघते, आहे का गेला म्हणून. तुझ्या डॉक्टरांना सांग. मला फुशारकी मारायची नाही, म्हणजे मारायची आहे, पण थोडीच.

बाकी तिचं बस्तान बसायला वेळ लागतोय. समोरच बाग आहे, डोळ्यांत मावणार नाही एवढी. मध्ये फक्त रस्ता. तो जरा रुंद आहे, आणि माणसांसाठीचा दिवा आई मध्यावर पोचेपर्यंत लाल होतो. पहिल्याच दिवशी गाड्या दोन्ही बाजूंनी अंगावर आल्या, ती तशीच मागे फिरली आणि वर येऊन म्हणाली, की बाग इथूनही दिसते. म्हणून रविवारी आम्ही तिला गाडीत घालून वळसा घेऊन बागेत नेतो, फिरवतो, परत आणतो. चालायला गाडीने जायचं, यावर ती फार हसली.

लिफ्टमध्ये ती सगळ्यांशी बोलते. कुठे निघालात, बाळ किती महिन्यांचं, हातात काय आहे. लोक भिंतीकडे बघतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी तिला सांगितलं, की इथे तशी पद्धत नाही. तर म्हणाली, मग इथे पद्धत काय आहे?

वहिनीने पाठवलेले गाऊन आईला बरोबर बसले. चिमणीचं चित्र फ्रिजवर लावलंय. लोभ कमी होऊ देऊ नकोस, यादीत तुझं शहर कितीही खाली असलं तरी.

तुझी,
छोटी

११ मे

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

छोटी कामावर गेल्यावर लिहायला बसले आहे, म्हणजे खरं लिहिता येईल.

खोकला गेला हे खरं. पोरीने आणि जावयाने काही कमी केलेलं नाही, हेही खरं. पण माझे गुडघे वाकेनासे झालेत. तुझ्याकडे तीन जिने उतरायचे-चढायचे म्हणून मी शिव्या घालत होते ना, त्याच शिव्यांवर पाय चालत होते. इथे बोट दाबलं की वर, बोट दाबलं की खाली, आणि खाली जाऊन करायचं काय? दुकान गाडीशिवाय गाठता येत नाही. घर स्वच्छ, रस्ता स्वच्छ. माणसंसुद्धा पुसून कपाटात ठेवल्यासारखी. खिडकी चार बोटं उघडते, त्याहून जास्त नाही. कोणी पडू नये म्हणून आहे म्हणे.

काही दिवस तर असे जातात, की संध्याकाळी छोटी आली आणि मी बोलायला गेले, तर आवाजच नीट फुटेना. सकाळपासून वापरलेलाच नव्हता.

एक मात्र ओळख झाली. समोरच्या दाराआड एक म्हातारे गृहस्थ एकटे राहतात. दारावर नाव नाही, नुसता आकडा. लिफ्टमध्ये मी बोलले तेव्हा आधी दचकले आणि मग उतरायचा मजला आला तरी उतरेनात. पूर्वी नकाशे काढायच्या कचेरीत होते. नव्या कवळीने सफरचंद खाता येतं याचं त्यांना भारी कौतुक. एकदा चहाला या म्हटलं, तर म्हणाले, तुमच्या मुलीला विचारून सांगा. आता चहाला विचारायचं काय? मी छोटीला विचारलं, तर ती म्हणाली, बघू, रविवारी. मग पुढच्या दोन्ही रविवारी बागच आली.

छोटीला यातलं काही कळवू नकोस, तिचा जीव लहान आहे. चिमणीला सांग, पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायचं चालू ठेव. श्वास सोडायला आला, की घ्यायला आपोआप येतो.

आई

१४ जून

दादा,

मायना लिहायला सुचत नाही, माफ कर. फोनवर तू विचारलंस आणि मी नुसतंच सगळे ठीक आहोत म्हणाले. यावेळी मीच तुझ्यासारखं केलं. अक्षर वाकडंतिकडं आलंय, लावून घे.

तू बातम्यांत ऐकलंच असशील. गुरुवारी आमच्या बाजूच्या अर्ध्या शहराची वीज गेली. आधीच तीन दिवस असं ऊन होतं, की गाडीच्या दाराला हात लावला तर भाजायचा. मी नेमकी बुधवारीच नव्या यंत्राच्या शिकवणीसाठी परगावी गेले होते आणि हेही दौऱ्यावर. दोघं एकदम जायला नको होतं. पण घरात सगळं आहे, तीन दिवसांचा तर प्रश्न, आणि आई म्हणजे काही लहान मूल नाही, असं आम्हीच एकमेकांना समजावलं. गुरुवारी दुपारपासून फोन लागेना. मनोरेच बंद पडले होते. मी शनिवारी दुपारी कशीबशी घरी पोचले.

इमारतीसमोर एक शोभेचं तळं आहे, उथळ, निळ्या फरशीचं. काठावर पाटी आहे, पाण्यात उतरण्यास मनाई. त्या तळ्याभोवती पंधरा-वीस म्हातारी माणसं खुर्च्या टाकून, पाय पाण्यात सोडून, डोक्यावर ओले टॉवेल घेऊन बसली होती. मध्ये एक बाई तान्हं बाळ पाण्यात धरून उभी. आणि आपली आई गाऊन गुडघ्यापर्यंत खोचून, टाळ्या वाजवत, एकेकाच्या डोक्यावर मगाने पाणी ओतत फिरत होती. तलावावर फिरायची ना, अगदी तशी. पहारेकऱ्याने आधी पाटी दाखवून अडवलं होतं म्हणे. मी पोचले तेव्हा बूट बाजूला काढून तोही पाय बुडवून बसला होता. मला हसूच फुटलं, दादा. मी खरंच मोठ्याने हसले.

मग आईने मला पाहिलं आणि तिचा चेहरा हलला नाही. म्हणाली, वर जाऊ नकोस एवढ्यात.

झालं होतं असं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत लिफ्ट बंद, पंप बंद, नळ कोरडे, खिडकी चार बोटं. काचेचं घर तापत गेलं. आई बाहेर व्हरांड्यात आली आणि एकेक दार ठोठावत गेली. आठ दारं. टोकाच्या दारातली बाळाची आई बाहेर आली, ती रडतच होती. दोन म्हाताऱ्या बहिणी आल्या. एका तरुणाने साखळी न काढताच आतून सांगितलं, की आम्ही काही मागवलेलं नाही. समोरच्या नकाशेवाल्या गृहस्थांच्या दाराआडून काहीच उत्तर आलं नाही. आईला वाटलं, कुणाकडे गेले असतील. तिने या चौघांना जिन्याने खाली नेलं, भिंतीला धरून, मजल्या-मजल्याला बसत. तिचे गुडघे, दादा! वाटेत प्रत्येक मजल्यावर दारं ठोठावली. ज्यांनी उघडलं ते आले. रात्र गाड्यांच्या तळघरात काढली, तिथे जरा गार होतं.

शुक्रवारी तिने खालची माणसं डोळ्यांनी चाचपली. नकाशेवाले त्यांत नव्हते. पहारेकऱ्याला दार उघड म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मालकाच्या कचेरीची परवानगी लागते, आणि कचेरीला फोन लागत नव्हता. आई दिवसभर त्याच्या मागे लागली. शनिवारी सकाळी ती जिना चढायलाच लागली, एकटी, पहार हातात घेऊन. तेव्हा तो धावत मागून आला आणि त्याने दार फोडलं.

ते खिडकीपाशी खुर्चीत होते. खुर्ची काचेला टेकवलेली आणि तोंड त्या चार बोटांच्या फटीला लावलेलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक शुक्रवारीच गेले. म्हणजे आईने पहिल्यांदा दार ठोठावलं तेव्हा ते आत होते, शुद्धीवर होते की नव्हते, ते कुणालाच सांगता येणार नाही.

पुढचं लिहिते, कारण ह्यांनाही मी ते अजून नीट सांगू शकलेले नाही. संध्याकाळी पोलीस आले. मला विचारलं, या गृहस्थांचं नाव काय? सहा वर्षं समोरासमोर राहतो, मला नाव सांगता आलं नाही. सामानाची नोंद करताना त्यांनी न्हाणीघरातून एक पेला आणला, त्यात कवळी होती. मी सवयीने हातात घेतली. डाव्या बाजूची खालची दाढ एका कडेने घासलेली. ती मीच घासली होती. आमच्याकडे कामं आकड्यावर येतात, माणूस दिसत नाही. हा आकडा गेल्या हिवाळ्यात तीनदा परत आला होता, टोचतं म्हणून. आम्ही त्याला कुरकुऱ्या म्हणायचो. हा कुरकुऱ्या पुन्हा आला, असं ओरडून मी ती कवळी टेबलावर आपटली होती, मला आठवतंय. त्याच्या हिरडीचा प्रत्येक उंचवटा मला पाठ होता. तो माझ्या दारासमोर राहत होता.

आई नंतर म्हणाली, की ते तिला सांगायचे, ज्याने हे दात केले त्याच्या हातात कला आहे.

आमच्या एका इमारतीत चौघं गेले. शहरात किती, ते अजून मोजतायत. चौकातली हिरवी पाटी तशीच आहे. दादा, मला काहीच कळेनासं झालंय.

छोटी

२१ जून

छोटी,

तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं, अर्ध्यावर तिला वाचवेना, मग मी वाचलं.

रागाने लिहितोय, नंतर माफी मागीन. आईला अकराव्या मजल्यावर एकटी सोडून दोघंही गेलात? तान्ह्या बाळाला आई तरी असते. तिला मी खोकल्यासाठी पाठवली होती, पहार घेऊन जिना चढायला नाही. पुढच्या आठवड्यात मी रजा टाकून येतोय, तिचं सामान बांधून ठेव.

ऊन इथेही तेवढंच होतं आणि वीज इथेही गेली. पण पहिल्याच संध्याकाळी खाटा खाली आल्या. बर्फवाल्याने लाद्या रस्त्यात मांडल्या, वहिनीने दुकानातलं कापड भिजवून दोरीवर टांगलं आणि सगळी गल्ली त्यामागे झोपली. चपला शिवणाऱ्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांना चौघांनी उचलून आणलं. आमच्या गल्लीतलं एकही माणूस गेलं नाही. हे मी तुला छाती काढून लिहिणार होतो. पत्र मनात तयारही झालं होतं.

मग सोमवारी मी गाडी घेऊन शेवटच्या थांब्याला गेलो, गोदामांच्या मागे. आमच्यापासून तो पाच थांबे पलीकडे. तिथून रोज पहाटे साफसफाईला जाणाऱ्या बायका चढतात. मला त्यांची नावं माहीत नाहीत, पण कोण कुठल्या सीटवर बसते ते माहीत आहे. त्या दिवशी पुढच्या तीन सीट रिकाम्या. मला वाटलं, उशीर झाला असेल, म्हणून थांबलो. मागच्या एकीने सांगितलं, नका थांबू, त्या नाहीत आता. त्यांच्या घरांवर पत्रा, एक झाड नाही, एक दुकान नाही, पाण्याचा टँकर दोन दिवस फिरकलाच नव्हता. माझंच शहर, माझीच बस. एका टोकाला आम्ही बर्फाला टेकून गाणी म्हणत होतो आणि दुसऱ्या टोकाला हे. मागून हॉर्न वाजायला लागले तरी गाडी सुरू करायचं भान नव्हतं.

म्हणून तुझ्या शहराला जास्त बोलत नाही. पण आईला घेऊन जाणार म्हणजे जाणार.

दादा

३० जून

चि. दादास आणि चि. छोटीस,
दोघांना अनेक आशीर्वाद. एकच पत्र दोनदा लिहिलंय, एक टपालाने, एक छोटीच्या उशाशी.

मी ट्रंक आहे का, की कुणी बांधायची आणि कुणी न्यायची ते तुम्ही दोघांनी आपापसांत ठरवावं? दादा, तू बहिणीला जे लिहिलंस ते तिने मला दाखवलं नाही, पण ती दोन दिवस जेवली नाही, तेव्हा मीच उघडून वाचलं. मला एकटी सोडली म्हणतोस. मी एकटी नव्हते रे, माझ्याबरोबर आठ दारं होती. ती उघडत नव्हती, एवढंच.

मी इतक्यात येत नाही. खोकल्यासाठी नाही. टोकाच्या घरातली बाळाची आई आता सकाळी माझ्याकडे येऊन बसते. दोघी बहिणी रोज जिन्याने चार मजले उतरतात आणि लिफ्टने वर येतात, मी मागे उभी राहून ओरडते. तो साखळीवाला पोरगा परवा मान खाली घालून आला आणि म्हणाला, आजी, मला वाटलं तुम्ही काहीतरी विकायला आलात. मी म्हटलं, पोहायला शिकवते, शिकायचंय का? हसला. त्याची आई दुसऱ्या गावी त्याच उन्हाने गेली, एकटी. मग चहा पिऊनच गेला.

नकाशेवाल्यांना पोचवायला आम्ही पाच जण होतो. छोटी सबंध वेळ माझा हात धरून उभी होती. लहानपणी खोल पाण्याजवळ धरायची तसा.

तलावावर मी एक शिकले होते, तेवढंच सांगते. बुडणारं माणूस ओरडत नाही. लोकांना वाटतं, हात-पाय मारील, हाका मारील. तसं होत नाही. ते गप्प होतं आणि खाली जातं. काठावर कोणीतरी बघत असावं लागतं. दादा, तुझ्या शेवटच्या थांब्यावरच्या बायकांकडे कोण बघत होतं, ते तू जाऊन विचार. मला न्यायला यायची रजा त्यासाठी वापर.

आई

१९ जुलै

चि. छोटीस,
अ. उ. आ.

आधी माफी. मागीन म्हणालो होतो, ती मागतो. तू माझ्याशी बोलत नसलीस तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच, कारण मला दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही.

चिमणीच्या शाळेत फुप्फुसं तपासायला माणसं आली होती. नळीत जोरात फुंकायचं. चिमणीने फुंकलं तर परिचारिकेला वाटलं, यंत्र बिघडलं. पुन्हा फुंकायला लावलं. मग दुसरं यंत्र आणलं. मग आम्हाला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, पोरगी अकरा वर्षांची आहे, पण फुप्फुसं सात वर्षांच्या मुलाएवढीच वाढलीत. मी म्हटलं, ती तर धावते, खेळते, बुडबुडे काढते. ते म्हणाले, तिला कमीची सवय झाली आहे, जास्त कसं असतं ते तिला माहीतच नाही.

मग विचारलं, ही झोपते कुठे, बसते कुठे? वहिनी म्हणाली, खिडकीपाशी. खिडकीखाली काय आहे? वहिनीने माझ्याकडे पाहिलं.

छोटी, खिडकीखाली मी आहे. माझी गाडी. तिला हात करता यावा म्हणून मी इंजिन चालू ठेवून थांबतो ते. ट्रक जातात, ते निघून तरी जातात. मी मुद्दाम थांबतो, रोज, ती पाच वर्षांची असल्यापासून.

डॉक्टरांनी तसं म्हटलं नाही. ते म्हणाले, तो सगळा रस्ताच तसा आहे, एका बसने काही होत नाही. पण घरी आल्यावर मी पडदा हातात घेतला आणि तो काळा भाग बोटांनी चोळत बसलो. गल्लीने म्हाताऱ्यांना जगवलं म्हणून मी मिरवत होतो, आणि तीच गल्ली माझ्या पोरीचा श्वास खात होती. माझ्या डोळ्यांदेखत.

डेपोत सांगून टाकलंय, थांब्यावर इंजिन बंद करणार, उशीर झाला तर माझ्या नावावर मांडा. आईने सांगितलं तसं शेवटच्या थांब्यावरही गेलो होतो. पाण्याच्या टँकरसाठी आम्ही काही ड्रायव्हर मिळून नगरपालिकेत जातोय, दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा जाऊ. मागच्या बाजूची खोली भाड्याने मिळते का, तेही बघतोय. पण डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं वाढायची ही काही वर्षंच उरलीत, थांबू नका.

ज्या शहराला मी नावं ठेवली, तिथेच माझी पोरगी ठेवून घे, असं म्हणायला मला तोंड नाही. तरी म्हणतो. वहिनी दोन रात्री रडली आणि आज सकाळी चिमणीचे कपडे शिवायला बसली, एक माप वाढवून.

दादा

२५ ऑगस्ट

ती. स्व. दादास आणि सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चिमणी सुखरूप आहे. फोनवर तुम्ही दोघांनी आलटून पालटून तेवढंच विचारलंत, पण बाकीचं कागदावरच सांगता येतं.

माफीचं काही नको. तू लिहिलंस त्यातलं निम्मं मी स्वतःला आधीच म्हणून झाले होते, आणि उरलेलं निम्मं आईने खोडून टाकलं.

शाळा चालू झाली. पहिल्या दिवशी तिने वर्गातल्या सगळ्यांना नावं विचारली, तर बाईंनी मला बोलावून सांगितलं, मुलगी फार बोलते. मी म्हटलं, हो, ती तशीच राहणार. असं मी कोणाला पूर्वी म्हटलं नसतं. संध्याकाळी आजी आणि नात जिना उतरतात, मजल्या-मजल्यावर दारं ठोठावतात आणि उत्तर आलं तरच पुढे जातात. दोघी बहिणींनी चिमणीला पत्ते शिकवले आणि आईने लबाडी. आमच्या मजल्यावरच्या घरांनी मिळून काचेच्या खिडक्या पूर्ण उघडतील अशा करून मागितल्या, ते अजून झालेलं नाही. नियमात बसत नाही म्हणतात. समोरच्या घरात नवीन जोडपं आलंय. मी सामानाच्या ट्रकपाशीच जाऊन त्यांची नावं विचारली. ती दोघं जरा घाबरलीच.

कामावर मी आता आकड्याच्या कागदावर माणसाचं नाव लिहून मागते. मालक वैतागतात, पण देतात.

वहिनी, कपडे सैल होतात, पण होऊ देत. डॉक्टरांनी पुन्हा फुंकायला लावलं. अजून फरक नाही. ते म्हणतात, वर्षभर बोलू नका. म्हणून बोलत नाही.

एक सांगते आणि संपवते. काल सुट्टी होती. दुपारी जेवून चिमणी आतल्या खोलीत झोपली. आई पेपर वाचत होती. मी भांडी आवरत होते आणि मध्येच मला कळलं, की आतून कसलाच आवाज येत नाही. तुमच्याकडे ती झोपेत घरघरायची ना, आल्यावरही रोज घरघरत होती. मला त्या आवाजाची सवय झाली होती. हातातलं ताट तिथेच टाकून मी धावले. दार नीट उघडलंसुद्धा नाही, खांद्याने ढकललं.

ती पालथी पडली होती, तोंड उशीवर, एक हात खाली लोंबत. मी गुडघ्यावर बसून तिच्या नाकाखाली हात धरला. आधी काहीच लागेना. मग लागला. कोमट, अगदी हलका, पुन्हा आणि पुन्हा. घरघर नव्हती, फक्त श्वास होता.

आई दारात येऊन उभी होती. पेपर घडी करून माझ्याशेजारी खाली बसली. तिच्या त्या गुडघ्यांनी. आम्ही दोघी पोर उठेपर्यंत तिथेच बसून होतो.

तुम्ही दोघं आमच्याकडे बघत राहा, आम्ही तुमच्याकडे बघतो आहोत.

तुमची,
छोटी